बोका घमेल्यात बसतो, पण वाळू कोरडीच राहते : लघवी अडल्याची लक्षणे आणि दवाखाना गाठण्याची वेळ

पडवीतला_पाऊस (चिपळूण)

बोका वाळूच्या घमेल्यात पुन्हा पुन्हा जाऊन बसत असेल, जोर करत असेल आणि वाळू कोरडीच राहत असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये, एवढे सांगण्यासाठी हा धागा काढत आहे. ज्यांचा बोका या क्षणी असा बसला आहे, त्यांनी पुढचे वाचत न बसता पशुवैद्यांना फोन लावावा. बाकीच्यांनी मात्र सवडीने वाचावे, कारण ही वेळ येते तेव्हा वाचायला सवड नसते.

आमचा गुंड्या चार वर्षांचा, नसबंदी झालेला, साडेसहा किलो वजनाचा बोका. गेल्या जुलैत पावसाने आठवडाभर उघडीप दिली नव्हती. त्यामुळे त्याचे परसात फिरणे बंद होते, आणि शेजारचा एक अनोळखी बोका रोज संध्याकाळी आमच्या मागच्या दाराशी येऊन बसत होता. त्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास गुंड्या घमेल्यात बसला, उठला, दोन मिनिटांनी पुन्हा बसला. असे दहा-बारा वेळा झाले. पाठ कमानीसारखी उचललेली, शेपूट किंचित थरथरणारी, आणि घशातून एक खोल आवाज, जो त्याने यापूर्वी कधी काढला नव्हता. आम्ही सर्वांनी एकमताने ठरवले की त्याचा कोठा जड झाला आहे. दुधातून एरंडेलाचे थेंब दिले आणि झोपलो. या निर्णयाचे मला आजही वाईट वाटते, कारण तेव्हा घमेल्यातली वाळू हाताने चाळून पाहिली असती तर दुपारपासून ती कुठेही ओली झालेली नाही हे दिसले असते.

सकाळी ज्या दवाखान्यात नेले, तिथे पोटाला हात न लावताच एक इंजेक्शन देऊन घरी पाठवले गेले. दुपारी दोनला त्याला उलटी झाली. मग तो कपाटाखाली जाऊन पडला. हाक मारली तर कानही हलवेना, आणि पंजे हाताला गार लागत होते. तेव्हा एका मित्राच्या सांगण्यावरून गाई-म्हशींवर उपचार करणाऱ्या एका वयस्कर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोटाखाली दोन बोटे ठेवली आणि लगेच सांगितले, “मूत्राशय लिंबाएवढे टणक झाले आहे. माझ्याकडे मांजराच्या मूत्रमार्गात घालायची नळी नाही. इथे एक मिनिटही घालवू नका.” कुंभार्ली घाटातून पावसात कराडला पोहोचायला आम्हाला जवळजवळ तीन तास लागले. तिथे रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम ८.१ होते, म्हणजे निरोगी मांजराच्या वरच्या मर्यादेहून कितीतरी अधिक, आणि हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या जवळ आले होते. मांजराचे हृदय दवाखान्यातल्या भीतीने एरवी १८०-२०० च्या घरात धावते, हे मला तिथे कळले.

गुंड्या वाचला. तीन दिवस नळी ठेवली, सहाव्या दिवशी घरी आला. परंतु ती रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आम्ही ज्या अज्ञानात घालवली, तशी इतर कोणी घालवू नये, म्हणून जे शिकलो ते लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या बोक्याची रोजची लघवी किती, हे माहीत असले पाहिजे. गोळे होणारी लिटर (मांजरासाठीची तयार वाळू) वापरणाऱ्यांना हे सोपे आहे; साधारणपणे दिवसाला दोन ते चार गोळे पडतात आणि त्यांचा आकार फारसा बदलत नाही. आमच्यासारखे नदीची वाळू किंवा लाकडाचा भुसा वापरणाऱ्यांना ते कळत नाही. संशय आला की घमेले रिकामे करून तळाशी पांढरा कागद पसरावा, वर अगदी पातळ थर टाकावा आणि मांजराला एका खोलीत घेऊन बसावे. तासाभरात तो चार वेळा बसला आणि कागद कोरडा राहिला, किंवा त्यावर गुलाबी दोन थेंब दिसले, तर यापुढे घरात शोधण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी गोष्ट, या दुखण्यात बोका घमेल्यातच बसेल असे नाही. तो मोरीत बसतो, थंड फरशीवर बसतो, स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये किंवा धुवायच्या कपड्यांवर बसतो. लोकांना वाटते की तो राग काढतो आहे. प्रत्यक्षात घमेल्यात गेले की दुखते एवढेच त्याला कळलेले असते आणि तो न दुखणारी जागा शोधत असतो. सतत मागचा भाग चाटणे, पोटाला हात लावल्यावर गुरगुरणे, जेवणाकडे पाठ फिरवणे ही लक्षणेही त्यासोबत दिसतात. उलटी, सुस्ती आणि गार पंजे ही मात्र सुरुवातीची लक्षणे नव्हेत. ती दिसली म्हणजे विष अंगात भिनू लागले आहे.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घालावी, आणि माझे काही चुकले असल्यास दुरुस्त करावे.

मांजरवेडी (पुणे)

आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. माझा प्रश्न बद्धकोष्ठाबद्दल आहे. माझ्याकडे एक बोका आणि दोन भाट्या आहेत. भाटी जोर करताना दिसली तेव्हा आमच्या डॉक्टरांनी घाई केली नाही, बोका दिसला तेव्हा मात्र त्यांनी रविवारी दवाखाना उघडला. हा फरक का? आणि दुरून पाहताना शी अडली की शू, हे कसे ओळखावे?

निवृत्त_पशुवैद्य (सातारा)

धागाकर्त्यांनी लिहिलेले जवळजवळ सर्व बरोबर आहे. मी तीस वर्षांहून अधिक काळ या व्यवसायात होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

भाटीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. बोक्याचा लांब असतो आणि शेवटी शिश्नाच्या भागात त्याचा आतला व्यास एक मिलिमीटरहूनही कमी होतो. त्यामुळे जो कचरा भाटीच्या लघवीतून कोणाच्या लक्षात न येता वाहून जातो, तोच बोक्यात बुचासारखा अडकतो. हे बूच बहुधा निव्वळ खड्याचे नसते. मूत्राशयाच्या सुजलेल्या अस्तरातून झिरपलेली प्रथिने, चिकट स्राव, पेशी आणि त्यात अडकलेले स्ट्रुव्हाइट या मॅग्नेशियमयुक्त क्षाराचे बारीक स्फटिक यांचा तो टूथपेस्टसारखा लगदा असतो. काही वेळा खरा खडा असतो. काही वेळा नळी घालताना काहीच सापडत नाही. मार्गाची सूज आणि स्नायूंचे आकुंचन एवढ्यानेच वाट बंद झालेली असते. भाटीला मूत्राशयदाह होतो, तिला वेदनाही तितक्याच होतात आणि तिलाही एक-दोन दिवसांत दाखवायलाच हवे, परंतु तिची वाट सहसा पूर्ण बंद होत नाही. घाईतला फरक तेवढाच आहे.

शी की शू हे बसण्याच्या पद्धतीवरून काही अंशी सांगता येते. लघवीसाठी मांजर मागचा भाग खाली, जमिनीच्या जवळ नेते. शीसाठी पाठ अधिक उचललेली असते. परंतु वेदनेत असलेला बोका दोन्ही प्रकारे बसतो, धागाकर्त्यांचा बोकाही पाठ उचलूनच बसला होता. म्हणून घरच्यांनी या निरीक्षणावर विसंबू नये. मी नेहमी सांगत असे की बोका जोर करतो आहे आणि कारण निश्चित माहीत नाही, तर लघवी अडली आहे असेच धरून चालावे. बद्धकोष्ठ निघाले तर कोणाचे काही बिघडत नाही.

आता वेळेविषयी. वाट पूर्ण बंद झाली की मूत्राशय फुगते, दाब मागे मूत्रपिंडापर्यंत जातो आणि रक्त गाळण्याचे काम थांबते. युरिया, आम्ल आणि पोटॅशियम रक्तात साचू लागतात. साधारण २४ ते ४८ तासांत बोका गंभीर आजारी होतो, आणि उपाय न झाल्यास त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत दगावतो. बहुतेकदा त्याचा जीव घेते ते पोटॅशियम, कारण ते हृदयाची विद्युतलय बिघडवते. आजारी बोक्याचे अंग गार आणि ठोके मंद, अशी जोडी दिसली की रक्ताचा अहवाल येण्यापूर्वीच पोटॅशियम चढले आहे असे आम्ही समजतो. अशा वेळी आधी हृदयाला सांभाळण्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देतात, ग्लुकोज व गरज पडल्यास इन्सुलिन देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतात, आणि मगच भूल देऊन नळी घालतात.

एक कळकळीची विनंती आहे. फुगलेले मूत्राशय घरी दाबून रिकामे करण्याचा प्रयत्न करू नका. ते फुटते.

गावाकडचा (सांगली)

डॉक्टरसाहेब, आमच्याकडे अशा वेळी धण्याचे किंवा बार्लीचे पाणी पाजतात, आणि मेडिकलमधून लघवी साफ होण्याचे सायरप आणतात. माणसाला आराम पडतो, मग मांजराला थोड्या प्रमाणात दिले तर काय हरकत आहे? दवाखाना गाठेपर्यंत काहीतरी करावेसे वाटते.

निवृत्त_पशुवैद्य

काहीतरी करावेसे वाटणे साहजिक आहे, पण जे कराल ते गाडी काढणे असावे. ही सायरपे माणसाची लघवी अल्कधर्मी करण्यासाठी असतात. बोक्याच्या बुचात असणारे स्ट्रुव्हाइट अल्कधर्मी लघवीतच तयार होते आणि किंचित आम्लधर्मी लघवीत विरघळते, म्हणजे औषध नेमके उलट दिशेने जाते. काही सायरपांत पोटॅशियम सायट्रेट असते, आणि पोटॅशियमनेच जो मरणाच्या दारी आहे त्याला आणखी पोटॅशियम पाजणे किती घातक आहे हे वेगळे सांगायला नको. धण्याचे पाणी विषारी नाही, परंतु तोंडात जबरदस्तीने पाणी घातल्याने ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते आणि अडथळा त्याने हलत नाही. लघवी वाढवणारे इंजेक्शन देणे म्हणजे मोरी तुंबलेली असताना नळ पूर्ण सोडण्यासारखे आहे.

वेदनेसाठी घरातली गोळी तर कधीच देऊ नये. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अत्यंत दुबळी असते. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक आधीच ताणाखाली असलेल्या मूत्रपिंडांना निकामी करतात.

मांजरवेडी

मोरी तुंबल्यावर नळ सोडू नये, हे पटले. मग दवाखान्यात सलाईन का लावतात? माझ्या मैत्रिणीने याच कारणासाठी सलाईनला नकार दिला होता आणि डॉक्टरांशी वाद घातला होता.

निवृत्त_पशुवैद्य

प्रश्न योग्य आहे, आणि एके काळी आमच्याच व्यवसायात त्यावर मतभेद होते. बोका आतून कोरडा पडलेला असतो, रक्तदाब उतरलेला असतो, आणि सलाईनने पोटॅशियम व आम्ल सौम्य होते. नळी घालण्याची तयारी सोबतच चाललेली असल्याने वाढलेल्या लघवीला लवकरच वाट मिळणार असते. नळी पडल्यानंतर तर सलाईन अधिकच लागते, कारण मोकळी झालेली मूत्रपिंडे काही काळ आवर न राहिल्यासारखी प्रचंड लघवी करतात. तेवढे पाणी शिरेतून भरून न काढल्यास वाट मोकळी होऊनही बोका कोरडा पडून खालावतो. म्हणूनच लघवीची पिशवी दर काही तासांनी मोजावी लागते, आणि म्हणूनच नळी घालून त्याच संध्याकाळी घरी नेण्याचा हट्ट धरू नये.

नवा_सभासद_कोल्हापूर (रात्री ९:५०)

मी आजच सभासद झालो. माझा बोका दोन वर्षांचा आहे. दुपारपासून तो लिटर ट्रेमध्ये सात-आठ वेळा गेला. प्रत्येक वेळी थेंब-दोन थेंब पडतात, शेवटच्या वेळी लालसर होते. थोडे जेवला आहे, खेळत नाही, पण हाक मारल्यावर येतो. थेंब पडत आहेत म्हणजे वाट बंद नाही असे समजावे का? आमचा नेहमीचा दवाखाना सकाळी दहाला उघडतो.

निवृत्त_पशुवैद्य (रात्री ९:५८)

थेंब पडतात यावरून वाट मोकळी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. भरलेल्या मूत्राशयातून दाबाने थेंब झिरपू शकतात, आणि रिकाम्या पण सुजलेल्या मूत्राशयातूनही तसेच थेंब पडतात. या दोन्हींतला फरक फक्त हात लावून कळतो, आणि तो सरावाचा हात असावा लागतो. आजच जा. डॉक्टरांना फोनवर “मांजर आजारी आहे” असे सांगू नका. “बोका आहे, दुपारपासून जोर करतो आहे, लघवी थेंबाथेंबाने होते आणि त्यात रक्त आहे,” असे सांगा. हे ऐकल्यावर कोणताही जाणकार पशुवैद्य दार उघडतो किंवा कुठे जायचे ते सांगतो.

पडवीतला_पाऊस (रात्री १०:०२)

मी याच जागी बसून चूक केली होती. कृपया निघा. ट्रेमधला ताज्या लिटरचा थोडा भाग पिशवीत सोबत घ्या, शेवटची नीट लघवी कधी पाहिली ती वेळ कागदावर लिहा, आणि टोपलीत टॉवेल घालून वर कापड टाका, अंधारात तो शांत राहील.

नवा_सभासद_कोल्हापूर (रात्री १०:०६)

फोन लागला. निघतो आहे.

परळचा_रहिवासी (मुंबई)

मुंबईकरांसाठी थोडी माहिती देतो. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार करत आहे आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच आवारात १८८६ मध्ये सुरू झाले. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे मोठे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. पश्चिम महाराष्ट्रात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, विदर्भात नागपूरला. परंतु रात्रीच्या वेळी कोठे मांजराची नळी घालणारे डॉक्टर हजर असतात, हे निरोगी दिवशीच फोन करून विचारून ठेवावे आणि तो क्रमांक फ्रिजवर चिकटवावा. आम्ही हे आमचा बोका गेल्यानंतर केले. तो तीन वर्षांचा होता. आम्हाला वाटले होते की तो नुसता रुसला आहे, म्हणून कपाटामागे बसतो.

पडवीतला_पाऊस

वाचून फार वाईट वाटले. मांजर दुखणे लपवते, त्यात आपला दोष नाही. फ्रिजवरचा क्रमांक आजच लिहितो.

डॉक्टरसाहेब, एक प्रश्न मनात राहिला आहे. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी नळी नसते, आणि असली तरी तीन-चार दिवस दाखल ठेवण्याची सोय नसते. खर्चही सर्वांना झेपत नाही. अशा वेळी कायमचे झोपवण्याशिवाय काही मार्ग असतो का?

निवृत्त_पशुवैद्य

काही बोक्यांच्या बाबतीत असतो, आणि हे आमच्या ग्रामीण भागातल्या तरुण पशुवैद्यांनीही वाचावे असे मला वाटते. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातील पशुवैद्यांनी २०१० मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. ज्यांच्या मालकांना नेहमीचा उपचार परवडत नव्हता अशा १५ बोक्यांना त्यांनी मूत्रमार्गात नळी घातलीच नाही. गुंगीचे व वेदनाशामक औषध दिले, पोटातून बारीक सुईने मूत्राशय रिकामे केले, कातडीखाली सलाईन दिले आणि अंधाऱ्या, शांत, कुत्र्यांचा आवाज न येणाऱ्या खोलीत ठेवले. गरजेप्रमाणे सुईने पुन्हा रिकामे केले. १५ पैकी ११ बोके आपणहून लघवी करू लागले. उरलेल्या चारांत ही पद्धत अपयशी ठरली, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. रक्तातले विष फार चढलेले नाही आणि एक्स-रेमध्ये मार्गात खडा दिसत नाही, अशांसाठीच ती आहे. धागाकर्त्यांचा बोका कराडला पोहोचला त्या अवस्थेत ती चालली नसती. पण संध्याकाळी सहाला अडला आणि आठला दाखवला, अशा बोक्याला तालुक्याच्या गावीही एक संधी मिळते. लवकर येण्याचा फायदा असा पैशातही दिसतो.

या पद्धतीतला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग म्हणजे अंधारी, शांत खोली. दहा वर्षांखालच्या मांजरांत लघवीचा त्रास होतो तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा ना खडा सापडतो, ना जंतू. या प्रकाराला आम्ही अज्ञातहेतुक मूत्राशयदाह म्हणतो. त्याच ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी अनेक वर्षे दाखवून दिले की या मांजरांच्या मूत्राशयाइतकाच त्यांच्या ताणाला प्रतिसाद देणाऱ्या मज्जासंस्थेतही बिघाड असतो, आणि घरातली परिस्थिती बदलल्यावर त्रास कमी होतो. म्हणून दाराशी येऊन बसणारा तो अनोळखी बोका धागाकर्त्यांनी कथेत उगाच आणलेला नाही. याच कारणाने तरुण बोक्याला दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स देणे मला मान्य नाही. तरुण मांजरात जंतुसंसर्ग विरळ असतो. लघवीत रक्त दिसले की अँटिबायोटिक, ही सवय माणसांच्या उपचारातून आलेली आहे. दोन-चार दिवसांत त्रास आपोआप ओसरतो आणि श्रेय गोळीला मिळते.

गावाकडचा

मग कोरडे खाणे आणि नसबंदी यांना जो दोष दिला जातो, तो खोटा आहे का?

निवृत्त_पशुवैद्य

लवकर नसबंदी केल्याने मूत्रमार्ग अरुंद राहतो, हा समज मोजमापांत टिकलेला नाही. नसबंदीनंतर बोका जाड होतो, घरात बसून राहतो, पाणी कमी पितो, आणि हा त्रास अशा बोक्यांत जास्त दिसतो. तेव्हा नसबंदी टाळू नये, वजन आवरावे. साडेसहा किलो हे आपल्याकडच्या देशी बोक्याला जास्तच आहे.

खाण्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून प्राण्यांच्या खड्यांची तपासणी करणारे केंद्र आहे. तेव्हा मांजरांचे बहुतेक खडे स्ट्रुव्हाइटचे असत. मग कंपन्यांनी खाद्यातले मॅग्नेशियम कमी केले, लघवी आम्लधर्मी होईल असे बदल केले, आणि स्ट्रुव्हाइटचे प्रमाण घटले; पण १९९० च्या दशकात कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढले. स्ट्रुव्हाइटचा खडा विशेष आहाराने विरघळतो, ऑक्झलेटचा विरघळत नाही, तो काढावाच लागतो. म्हणून खडा निघाला असेल तर तो तपासल्याशिवाय मनाने ‘युरिनरी’ लिहिलेले पाकीट सुरू करू नये. पाणी वाढवणे मात्र सर्वच प्रकारांत उपयोगी पडते. कोरड्या दाण्यांत साधारण दहा टक्के पाणी असते, ओल्या खाद्यात पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक.

दूरदेशी (न्यू जर्सी)

थोडी भर घालतो. आमच्या बोक्याची वाट चार महिन्यांत तीन वेळा अडली. तिसऱ्या वेळी शस्त्रक्रिया करून मूत्रमार्गाचा अरुंद शेवटचा भाग काढून रुंद भागालाच नवे तोंड केले. ही मोठी शस्त्रक्रिया आहे, तिच्यानंतर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते आणि मूत्राशयदाह तिने बरा होत नाही, हे आम्हाला आधी स्पष्ट सांगितले होते. दोन वर्षे झाली, पुन्हा अडलेले नाही. पहिल्याच अडथळ्याला तिचा विचार करू नये, परंतु वारंवार अडत असेल तर घाबरून नाकारूही नये.

नवा_सभासद_कोल्हापूर (दुसऱ्या दिवशी, सकाळी ११:१५)

काल रात्री पावणेअकराला पोहोचलो. डॉक्टरांनी पोटाला हात लावून सांगितले की मूत्राशय लहान आणि मऊ आहे, वाट बंद नाही. सोनोग्राफीत खडा दिसला नाही, अस्तर जाड झालेले दिसले. वेदनाशामक इंजेक्शन दिले, अँटिबायोटिक दिले नाही. घरी सोडताना बजावले की पुढचे काही दिवस प्रत्येक लघवीवर लक्ष ठेवा, कारण हीच सूज वाढून वाट बंद होऊ शकते, आणि आठ-दहा तास लघवी दिसली नाही तर विचार न करता परत या. मला क्षणभर वाटले की रात्री उगाच धावपळ केली. घरी आल्यावर तो माझ्या उशाशी झोपला, तेव्हा ते वाटणे गेले. गेल्या आठवड्यात आमच्याकडे रंगकाम झाले आणि त्याचा ट्रे गच्चीच्या जिन्यात हलवला होता. तो आज परत जुन्या जागी ठेवला.

निवृत्त_पशुवैद्य

धावपळ उगाच झाली नाही. काल रात्री दहा वाजता तुम्हाला किंवा मला, कोणालाही ते मूत्राशय मऊ आहे हे माहीत नव्हते. दुसरा ट्रेही ठेवा, पहिल्यापासून दूर. मांजरे जितकी, त्यापेक्षा एक ट्रे अधिक असावा.

मांजरवेडी

धागाकर्त्यांनी गुंड्याची सध्याची दिनचर्या लिहावी. नळी काढल्यानंतरचे दिवस कसे काढलेत?

पडवीतला_पाऊस

पहिले दोन आठवडे मी झोपलोच नाही असे म्हटले तरी चालेल, कारण पुन्हा अडण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो असे सांगितले होते. एक वही केली आणि त्यात प्रत्येक लघवीची वेळ लिहिली. नवव्या दिवशी तो पुन्हा दोनदा कोरडा बसला. तासाभरात आम्ही घाट चढत होतो, आणि यावेळी मार्ग पूर्ण बंद होण्याआधीच पोहोचलो.

आता कोरडे दाणे पूर्ण बंद आहेत. बांगडा किंवा कोंबडी मीठ न घालता उकडून, त्याच पाण्यासकट देतो. कांदा-लसूण पडलेली आमटी किंवा कालवण अजिबात नाही, कारण दोन्ही मांजराला विषारी आहेत. फक्त घरच्या मासळी-कोंबडीने मांजराचे पोषण पूर्ण होत नाही, म्हणून अर्धा भाग ओल्या तयार खाद्याचा असतो. पाण्याची भांडी घरात चार ठिकाणी आहेत, जेवणाच्या वाटीपासून लांब. त्याला माठाच्या बुडाशी ठेवलेले पसरट मातीचे भांडे सर्वांत आवडते. मागच्या दाराच्या जाळीला खालून दीड हात उंच पत्रा लावला आहे, त्यामुळे तो दुसरा बोका बाहेर बसला तरी याला दिसत नाही. वाळूची दोन घमेली आहेत, एक पडवीत आणि एक न्हाणीघराजवळ, आणि वाळू चाळण्याचे काम माझ्या आईने स्वतःकडे घेतले आहे. वजन पाच किलो चारशे झाले आहे.

वही अजून चालू आहे. आज सकाळी साडेसहाला, नेहमीएवढी.